मशिनीचा पाडवा

(दुपारचे साडेचार. मालनबाई आणि त्यांचे यजमान कारभारी दिंडोरीजवळच्या मळ्यात, घरी. मालनबाईंची भाची सायली अंबडच्या कंपनीतून फोनवर, फोन स्पीकरवर.)

मालनबाई: बंद करून चालू केलं, दोनदा. तेच येतंय गं. काल सकाळपर्यंत गुमान चालत होतं.

सायली: आत्या, घाबरू नकोस. फॉर्म भरायला सहापर्यंत वेळ आहे. मोबाईलवर विद्यापीठाची साइट उघडते का?

मालनबाई: मोबाईलवर उघडती. पण फोटो, सही, बारावीचं मार्कलिस्ट, सगळं तू लॅपटॉपात टाकून दिलंय. मोबाईलवर ते मला जमायचं नाय.

सायली: म्हणजे नेट ठीक आहे, बिघाड लॅपटॉपमध्येच. बाकीची पानं?

मालनबाई: उघडतच नाय. एखादं उघडलं तर नुसती अक्षरं, एकाखाली एक. चित्र नाय न काय नाय.

कारभारी: त्यापरीस दिंडोरीला सेवा केंद्रात जाऊन येऊ. गाडी काढतो.

मालनबाई: केंद्रवाला कुलूप लावून चांदवडला गेलाय, आईच्या श्राद्धाला. अन् तुम्ही मधी बोलू नका. तुम्हाला तर बरंच झालं.

कारभारी: मी काय केलं?

मालनबाई: काय केलं नाय, तेच. सेहेचाळिसाव्या वर्षी बी. ए. करती म्हणले, तर हूं नाय की चूं नाय. या पोरीनं तिचा लॅपटॉप पाठवला, तर काय म्हणाले? "पितृपंधरवड्यात आणला." बास.

सायली: भांडण फॉर्म गेल्यावर करा हं दोघं. आत्या, स्क्रीनवर काय लिहून येतं ते वाच.

मालनबाई: "तुमचे घड्याळ मागे आहे." मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. आपलं तर पाच मिनिटं पुढंच हाय.

सायली: भिंतीवरचं नाही गं, लॅपटॉपचं. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कुठली दिसते?

मालनबाई: थांब, चष्मा... मार्च दाखवतंय.

सायली: मार्च? अगं, सहा महिने मागे. मग बरोबर आहे. प्रत्येक साइटकडे एक दाखला असतो, मुदतीचा. ब्राउझर तो तपासतो अन् मगच पान उघडतो. तुझ्या लॅपटॉपला वाटतंय अजून मार्च चालू आहे, अन् दाखले नंतर निघालेले. त्याला ते खोटेच वाटणार. पण तारीख आपोआप एवढी मागे जात नाही. कुणीतरी बदललीय.

मालनबाई: घरात आम्ही दोघंच. मी तर तिकडं हात लावला नाय. अहो, वर बघा.

कारभारी: मीच. काल तू बागेत गेली तेव्हा. त्या कोपऱ्यात दाबत दाबत गेलो. 'आपोआप' लिहिलं होतं, ते बंद केलं. तासभर लागला.

मालनबाई: कशापायी? फॉर्म जाऊ नये म्हणून?

कारभारी: अगं नाय. शेवटची तारीख नेमकी पंधरवड्यातच. आपण या दिवसांत साधी बोअर घेत नाय, अन् तू एवढं मोठं सुरू करणार. म्हटलं, तारीख पुढं ढकलणं आपल्या हातात नाय, तर मशिनीला पाडवा दाखवू. तुझ्या फॉर्मवर पाडव्याची तारीख पडंल.

मालनबाई: मग मला सांगायला काय झालं होतं?

कारभारी: हसली असती.

सायली: मी हसतेच आहे, मामा. फॉर्मवर तारीख विद्यापीठाच्या मशीनची पडते. तुमच्या नाही.

कारभारी: आता कळलं. मालन, तू बारावीला वर्गात पैली होती, हे लग्नात तुझ्या भावानं सांगितलं. मी म्हटलं, हां, बरं. अठ्ठावीस वर्षं तेवढंच म्हणत आलो. या खेपेला तरी तुझं चांगल्या मुहूर्तावर व्हावं वाटलं. मला बोलता येत नाय, तुला ठाऊक हाय.

मालनबाई: ...सरका जरा तिकडं. सायली, कुठं दाबू?

सायली: त्याच तारखेवर, माउसचं उजवं बटण. तारीख-वेळ बदलायचं निवड. 'आपोआप' परत चालू कर. झालं? आता ब्राउझर पूर्ण बंद करून उघड.

मालनबाई: फिरतंय... फिरतंय... आलं गं. रंगीत, चित्रांसकट.

सायली: आता फोटो. मग सही. मग मार्कलिस्ट. सावकाश, घाई नाही.

मालनबाई: हं. हं. हे पण घेतलं. पाठवू?

सायली: एकदा नाव वाचून बघ अन् पाठव.

मालनबाई: वाचलं. पाठवला. नंबर आला बाई, अर्जाचा नंबर.

कारभारी: तारीख काय पडली?

मालनबाई: आजचीच. अविधवा नवमी, सवाष्ण गेलेल्या बायांची.

कारभारी: जे टाळत होतो तेच झालं.

मालनबाई: होऊ द्या. या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात म्हणता ना? माझी आई जन्मभर अंगठा लावत गेली. आली असंल तर बघू दे तिला.

सायली: आजीचं पान आज पप्पांनी वाढलं, आत्या. सकाळीच.

कारभारी: वाढलं असंल. मालन, तू बस इथंच. मी भात टाकतो. एक पान आपण पण वाढू त्यांना.