थांबलेल्या उपग्रहाचा पाठलाग

ऐका ना, परवा मिरकरवाड्याला मामाच्या गच्चीवर टेलिस्कोप लावला. मामा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, तासाभरात दहा दिवसांसाठी समुद्रावर निघणार. त्याआधी त्याला टीव्हीचा उपग्रह दाखवायचाच होता मला! पण ठिपका सापडला की मामा डोळा लावेपर्यंत निसटायचा.

मी वैतागलो. "तारे बघ कसे जागेवर आहेत! मोटर टेलिस्कोपला ताऱ्यांमागे बरोबर फिरवतेय."

"आणि तुझा उपग्रह कसा फिरतो?"

"तो आपल्याला एकाच जागी दिसतो, मामा."

"मेल्या, मग तो नांगर टाकून बसलाय, पुढे चाललायस तू. इंजिन बंद कर!"

ठिपका परत शोधला आणि मोटर बंद केली. तारे सरकायला लागले, ठिपका तिथेच!

इतक्यात बोटीवरून फोन आला. मामा डोळा न काढता म्हणाला, "थांबा रे, हा हलला की निघतो."