अक्कांच्या किटलीतलं पाणी

चहा घ्या आणि मला हसा, माझी हरकत नाही. शिरोळकडच्या आमच्या दूध संस्थेत अध्यक्षपदाला अक्का उभ्या राहिल्या, तेव्हा सगळ्यात जास्त दात मीच काढले होते. चौथी शिकलेली, जन्मभर म्हशी राखलेली बाई! प्रचारात बोलणं एकच, ज्याच्या दुधात पाणी निघालं त्याचं दूध आठ दिवस बंद, मग तो कुणाचा का पावणा असंना.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गुपचूप अक्कांच्या किटलीत दोन तांबे पाणी ओतलं. संस्थेत सगळ्यांसमोर दुधात पाणी तपासायचा लॅक्टोमीटर सोडला, तर तो पार खाली बुडाला. माणसं खो खो हसली.

मी म्हटलं, "काय अक्का, आता धोरणाचं काय?"

"धोरण हाय तेच की. लिवा, माझं दूध आठ दिवस बंद!"

हसणं तिथंच थांबलं. मलाच राहवेना. "अक्का, पाणी मी ओतलंय."

"ठावं हाय. असलं उद्योग गावात दुसरं कोण करतंय? तुझंबी आठ दिवस बंद."

अक्का निवडून येणार, हे तिथंच ठरलं. संध्याकाळी त्याच दुधाची वाटीभर बासुंदी त्यांनी मला धाडली. निरोप होता, "तुझं सगळं पाणी आटवलंय. खाऊन बघ."