बारावा फर्मा

मुलगी: अकराच्या पाठीवर तेरा. बाबा, बारावा फर्मा कुठाय?

बाबा: वाचनालयाचं जुनं पुस्तक. शिवण उसवली होती म्हणून तर आपल्याकडं आलं. गळला असेल कुठंतरी.

मुलगी: मला नका शिकवू. दुधाचे दात पडायच्या आधीपासून तुमचे फर्मे लावतेय मी. पानाच्या तळचा आकडा बघितल्याशिवाय तुम्ही सुईत दोरा ओवत नाही. तीस वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालं नाही, आणि इथं अख्खी सोळा पानं गायब?

बाबा: कादंबरी कशी वाटली ते सांग की. उद्या वाचकमंडळात बोलायचंय ना तुला?

मुलगी: काय बोलू, कपाळ? एक माणूस. कुणी नावानं हाक मारली की दचकतो. स्वतःची सही बघून त्याला वाटतं, ही दुसऱ्याच कुणीतरी केलीय. मग तुमचं ते भगदाड. आणि तेराव्या फर्म्यात तो एका वीतभर थडग्यापुढं उभा राहून स्वतःचंच नाव वाचतोय. मंडळातले म्हणतील, भारी कोड्यात टाकणारी कादंबरी. मला कोडं पडलंच नाही, बाबा. घाम फुटला.

बाबा: रिकामटेकड्यांचे उद्योग असतात हे. मी पुस्तकं शिवतो. वाचत नाही.

मुलगी: मग न वाचणाऱ्या माणसानं नेमका तोच फर्मा कसा काढला?

बाबा: तो दोरा दे इकडं.

मुलगी: बरं, दुसरं विचारते. वर्गात कायम मीच ठेंगणी का? हात मोडला तेव्हा हाडांचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, ही सतराचीच दिसते. कागदावर एकोणीस कशी? माझ्या वाढदिवसाला आई आतून कडी लावून का बसते? मला हाक मारताना माझ्या खांद्यावरून मागं का बघते?

बाबा: हळू बोल. जागी आहे ती आत.

मुलगी: जन्मभर हळूच बोललो की आपण.

बाबा: पहिली दीड वर्षाची होऊन गेली. तापानं. तू पोटात होतीस. तिच्या मरणाची नोंद करायला तीनदा गेलो, तीनदा कचेरीच्या दारातून मागं फिरलो. मग तू झालीस. तुझ्या आईनं तुला उचललं आणि तिच्याच नावानं हाक मारली. म्हटलं, मारू दे. वेडी होण्यापेक्षा बरं. कागद तर तयारच होते.

मुलगी: वा! जुन्या पुठ्ठ्यात नवी पानं कोंबलीत, आणि वर माझी नोंद पण नाही.

बाबा: मला काय वाटेल ते बोल. तिला नको.

मुलगी: मग माझं नाव काय ठरवलं होतं?

बाबा: काही नाही.

मुलगी: मनातल्या मनात तरी? एकदा तरी?

बाबा: नाही गं.

आई: (आतून) कुठंयस गं? आली नाहीस अजून?

बाबा: ओ दे तिला. वाट बघतेय.

मुलगी: कुणाची?

बाबा: जा गं आत.

मुलगी: फर्मा प्रेसखाली ठेवला असेल तुम्ही. तुमच्यानं फेकवणार नाही. काढा आणि शिवा. उद्या मला पुस्तक पुरं लागेल.

बाबा: आणि तिला काय सांगू?

मुलगी: आले, आई.