सातवा भाग

व्हिडिओ गेमच्या दुकानातली रांग इतकी सावकाश, की मी शिरलो तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या. पुढे एक बस ड्रायव्हर दुकानदार बाईंशी बोलत होता.

“ताई, या जपानी गेमची सुरुवात कुठून करू? पंधरा भाग आहेत म्हणे.”

“कुठूनही करा, काका. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. नवख्याला दहावा सोपा.”

“सोपा नको. दिवसभर बस हाकून अंग आंबलंय, तरी सातवाच द्या.”

“सातवाच का?”

“लेक महिनाभर त्यात अडकलीय. तिची आई गेल्यापासून माझ्याशी नुसतं ‘हं’ बोलते.”

“अहो, तो भल्याभल्यांना घाम फोडतो. तुम्हीही अडकाल.”

“अडकू दे की. निदान बापलेक एका जागी तरी अडकू.”