झबल्याच्या पिशव्या

"हॅलो?… हो ताई, मीच… नाही, बाळ झोपलंय, म्हणून हळू बोलतेय… थांब, मागच्या दारी जाते."

फोन खांद्याने कानाशी दाबून धाकटी परसात आली. ताईचं बोलणं औषधं, अंघोळ, रात्रीचा खोकला असं फिरत फिरत बाबांच्या जेवणापाशी येऊन थांबलं. बाबा अंथरुणाला खिळले तसं ताईने त्यांना आपल्याकडे नेलं होतं. आता ते पेजेलाही तोंड फिरवत. मागत ते एकच, या परसात आपल्या हाताने लावलेल्या झाडाचं अंजीर.

"हो, हो… अगं ऐक ना… आणते म्हणाले होते, पण… बाळाचं निमित्त नाही करत मी… ऐकशील का जरा? अंजिरं गेली, ताई… सगळी."

मग तिने एका दमात सांगून टाकलं. कुठूनशी एक नवीच माशी आली होती, काळी, चकचकीत. इकडे कुणी कधी पाहिली नव्हती. कच्च्या फळाच्या तोंडातून आत अंडी घालते. हिरवी फळं अवेळी जांभळी पडून गळायला लागली, तेव्हा धाकटीला वाटलं, पाखरांचं काम. बाळाची आखूड झालेली झबली फाडून तिने पिशव्या शिवल्या आणि एकेका फळाला बांधल्या. काल पहिली पिशवी सोडली.

"वळवळत होत्या गं आत… अळ्या. कापडाला चिकटलेल्या… हो ना, अंडी आधीच पडलेली. मी आपली बाहेरून राखण करतेय… हस तू. अंगडी-टोपडी घालून वाढवल्या मी त्या."

हसायला दोघींनाही आलं नाही. कृषी खात्याची बाई सकाळीच येऊन गेली होती. झाडावर एकही फळ ठेवायचं नाही, मातीत पुरायचं नाही, सगळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायची. नाहीतर अळ्या मातीत उतरतील आणि पुढच्या बहराला आळीतल्या सगळ्या झाडांना कीड लागेल. बादली झाडाखाली येऊन पडली होती. धाकटीचा हात मात्र उचलत नव्हता. एखादं तरी चांगलं निघेल.

"बाजारातलं देऊन बघितलंस?… ओळखलं त्यांनी?… मग काय सांगू, तूच सांग. पिकतायत म्हणू?… किती दिवस म्हणू, ताई?… नको, आत्ता नको देऊस त्यांच्याकडे… बाबा? हो, मीच."

पलीकडून आधी नुसता श्वास आला.

"नाही, बाबा… पिकली नाहीत. कीड पडली… आत, फळात… खोडाला काही नाही. झाड चांगलं आहे… हो, सगळी उतरवायची आहेत… नाही उतरवली अजून. म्हटलं, तुमच्यासाठी एखादं… बरं… बरं, बाबा… आत्ता?"

फळं उतरताना त्यांना ऐकायचं होतं. आवाज मोठा करून तिने फोन कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. पहिलं फळ पिशवीसकट बादलीत पडलं.

"आलं ऐकू?… हो, खालच्या फांदीपासूनच… देठासकट, हो."

चिकाने बोटं चुरचुरायला लागली. बाबांचं 'हं' लांबत गेलं, मग नुसता श्वास उरला. ती बोलत राहिली. खिडकीकडची फांदी झाली, बाबा. बाळ आता पालथं पडतं. भिंतीकडचीही झाली. शेंड्यासाठी ती स्टुलावर चढली.

"इथे एक बरं दिसतंय, बाबा… मऊ आहे, डाग नाही. बघू उघडून?"

अंगठ्यांनी तिने ते दुभंगलं. क्षणभर पाहिलं आणि बादलीत टाकलं.

"नाही… यातही आहेत."

"ऐकताय ना, बाबा?" ती खाली उतरली. फोनचा पडदा काळा झाला होता. कुठल्या फांदीपाशी कटला, कोण जाणे. चिकट बोटांनी तिने परत लावला. ताईचा फोन बिझी लागला. पुन्हा लावला, तरी बिझी.

धाकटी परत स्टुलावर चढली. शेंड्यावरची उरलेली फळं तिने उतरवली, एकेक, कुठलं ते मोठ्याने सांगत.