टी अन् जी फुकट

नाही जी, ड्रायव्हिंग स्कूल टाकून राहिले तुम्ही, पारशिवनीत, बसस्टँडच्या बाजूले, हे समजलं मले – मी बोर्डावरच्या नावाचं विचारून राहिलो. पक्कं झालं काय नाव? 'न्यू ड्रायव्हिंग स्कूल'. बरं. वाईट नका मानू भाऊ, पण न्यू तं चार वर्षांत जुनं होते, मंग काय कराल? लोकायले वेगळं पायजे आजकाल. बसा न, पाच मिनिटं बसा, चहा सांगतो. एक नाव आहे माह्यापाशी, अख्ख्या विदर्भात कोणाच्या बोर्डावर नाही. ड्रामाटर्जी. कसं वाटते? ड्रामाटर्जी ड्रायव्हिंग स्कूल. हसू नका. अर्थ? अर्थ आहे तं – नाटक रचायची विद्या म्हणतात इंग्रजीत – आता नाटकाचा अन् गाडीचा काय संबंध, ते मलेही समजते, पण रिंग रोडवर पाहा एखाद्या दिवशी, काय करतात लोकं, नाटक नाही तं काय आहे ते? अन् अक्षरं तयार आहेत. दहापैकी आठ तयार. अठरा इंची, स्टीलची, ते तुमच्या डोक्यावर, काउंटरच्या वर लागली आहेत न, तीच. राहिले टी अन् जी – ते मी फुकट करून देतो.

वाचलं न? हाव, डॉक्टर मयुरा. डी, आर, अन् पुढं नाव. माही पोरगी. काढायची आहेत ती अक्षरं – दुकानाले रंग मारून राहिलो म्हणून, बाकी काही नाही. महिना झाला, डोकं फिरून गेलं माहं. मोबाइलवर साइट असते, आपली अक्षरं टाका, त्यात बसणारे इंग्रजी शब्द ते काढून देते. रोज दुपारी टाकतो. आर्मी निघते – मंग चार अक्षरं वाया. रडार निघते – रडार कोण लावते जी दुकानावर? ड्रम निघते, तं आपल्या इथं लकडगंजातच एक ड्रमवाला आहे, पाण्याचे ड्रम विकते, त्याले विचारलं, तो म्हणे चंपतराव, माहे ड्रम लांबूनच दिसतात, बोर्ड कायले पायजे. रम निघते. आता पोरीच्या नावाची अक्षरं बारवर चढवू काय मी? मॅरी निघते, म्हणजे लग्न करा – तं घरची, सुभद्रा, म्हणे हाच शब्द दाखवा तिले, मंग या जन्मात येत नाही ती घरी. आठही अक्षरं ज्यात बसतात असा शब्द किती, सांगा? एक. एवढी मोठी भाषा म्हणतात इंग्रजी, साऱ्या दुनियेत बोलतात, अन् माह्या कामाचा एक शब्द, तोही असा की कोणी ऐकलेला नाही. सीताबर्डीत नाटकवाल्या पोरायची तालीम चालते, तिथंही जाऊन आलो. त्यायचा मोठा होता तो खुश झाला, म्हणे वा काका, कुठून शोधला. पण बोर्ड लावाले भिंतच नाही त्यायले, शाळेच्या वर्गात तालीम करतात.

भंगारात? नाही, भंगारात नाही देत. तुम्ही नका सांगू मले ते, सुभद्राही तेच म्हणते. ऐका – अकरावीत तिनं बायोलॉजी घेतलं न, त्याच आठवड्यात कापली मी ही अक्षरं. बोर्डवाला माणूस, दुसऱ्यायच्या पोरायची नावं लावत जिंदगी गेली, म्हटलं आपल्या पोरीचं आपण आधी लावू. येणारं गिऱ्हाईक म्हणे, काय डॉक्टर, नमस्कार. ती लाजे. बारावीनंतर परीक्षा दिली, नंबर नाही लागला. म्हणे बाबा, ते काढा. मी म्हटलं काढून कायले ठेवू, पुढच्या साली लागतेच तं. पुढच्या सालीही नाही लागला. पुन्हा म्हणे, बाबा, काढा न जी. तं मी काय केलं माहीत आहे? मागून लाइट लावला. पांढरा एलईडी. म्हटलं हिंमत येईल पोरीले. तिसऱ्या वर्षी ती नाशिकले निघून गेली, बेकरीत काम करते. दोन वर्षं झाली, दोन्ही दिवाळ्या तिकडंच. चुकलं माहं. चुकलं हे समजते मले, झोपतानाही समजते.

आता परवा आईले फोन केला तिनं. रविवारी येते म्हणे. पण घरी जायचा जिना या दुकानातूनच आहे, अन् ती अक्षरं वर असतील तं खालूनच वापस जाईन, असं म्हणे ती. आज शुक्रवार आहे भाऊ. काढाले काय, स्क्रू तं दहा मिनिटांत निघतात. पण काढून कोपऱ्यात ठेवली तं पोरगी हरली म्हणून बापानं काढली, असं होते न ते. दुसऱ्याच्या बोर्डावर गेली असती तं सांगता आलं असतं – पाह्य, कामाले लागली, चांगल्या जागी लागली. म्हणून म्हणतो, ड्रामाटर्जीचा विचार करा. टी अन् जी फुकट –

काय म्हणता? डी अन् आर? ड्रायव्हिंगले लागतात म्हणून? ते पहिले दोनच? नाही जी, सेट नाही फोडत मी. सेट म्हणजे सेट. दोन तुम्ही नेले तं बाकीच्या सहाचं मी काय करू, ती सहा तं नुसती –

नुसतं नाव आहे ते तिचं.

नाही, काही नाही झालं. चहा प्या तुम्ही. भोकं दिसतील तिथं दोन अक्षरांची. दिसू द्या. तुमचा बोर्ड बुधवारी या न्याले, न्यूच लिहितो, न्यू चांगलं आहे, अन् ड्रायव्हिंगले डी अन् आर हेच लावतो. आता जा तुम्ही भाऊ. जा न जी. अन् जाता जाता तो स्टूल जरा इकडं सरकवा.