दंडाला बांधलेलं मशीन

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेला क्रेनचालक बायकोशेजारी बसला. त्यांची कुजबुज कानावर पडली आणि मागच्या बाकावरच्या तरुणीच्या हातातलं पुस्तक मिटलं ते मिटलंच.

"अहो, काय म्हणाले? क्रेन चालवू देणार ना?"

"हळू बोल. म्हणाले, रिपोर्ट भयंकर आहे. झटका कधीही येईल, आत्ताच्या आत्ता भरती व्हा."

"अगं बाई! तरी मी सांगत होते, असली लबाडी नको."

"माझं प्रेशर दिसलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून तर ते दिवसभर प्रेशर मोजणारं मशीन तुझ्या दंडाला बांधलं! म्हटलं, तू घरातच असतेस, तुला कसलं आलंय टेन्शन?"

"म्हणजे... तो रिपोर्ट..."

"तुझा."

"काहीतरीच! मला काय धाड भरलीय? काल तर रोजचीच कामं केली. आईंना अंघोळ घातली, धुणं धुतलं, तुम्ही डब्यावरून ओरडलात तेव्हा गप्प बसले."

"चल, डॉक्टरांना खरं सांगू."

"आणि तुमची नोकरी?"

"खड्ड्यात जाऊ दे! ऊठ म्हणतो ना."

"थांबा हो जरा. आईंच्या औषधाची वेळ झालीय. आधी घरी जाऊन येते."